एमएचटी-सीईटी: गुण कसे वाढवायचे, वेळ कसा पुरवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावी बोर्डाचे पेपर संपले की सीईटीपर्यंतच्या, म्हणजे अभियांत्रिकी वगैरेंसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेपर्यंतच्या, आठवड्यांत मुलं आणि पालक जे प्रश्न घेऊन येतात, ते बहुतेक ठरलेले असतात. गेली काही वर्षं पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाच्या मुलांसोबत बसून त्यांचे सराव पेपर एकेक प्रश्न करत तपासतो आहे. त्यातून जे दिसलं ते इथे प्रश्नोत्तरांत लिहितो. ज्यांचा अभ्यास बऱ्यापैकी झालाय, पण गुण त्या मानाने येत नाहीत, त्यांच्यासाठी हे मुख्यतः आहे.

पेपरचं स्वरूप कसं असतं? एका प्रश्नाला किती वेळ मिळतो?

पीसीएम गटाला एकूण २०० गुण आणि १८० मिनिटं. त्याचे दोन भाग. पहिल्या ९० मिनिटांत भौतिकशास्त्र ५० आणि रसायनशास्त्र ५० असे १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. पुढच्या ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

भागाकार करून बघा. पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात, गणितात १०८ सेकंद. हे दोन आकडे पाठच करून टाका, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं.

आणखी एक गोष्ट. पहिली ९० मिनिटं संपली की तो भाग बंद होतो आणि गणित सुरू होतं. भौतिकचा राहिलेला प्रश्न गणिताच्या वेळेत सोडवता येत नाही, मागे जाता येत नाही. घरी तीन तास सलग लावून हवे तसे विषय बदलत सराव करणाऱ्या मुलांना ही भिंत परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा लागते. सराव नेहमी ९० आणि ९० असा तोडूनच करा. आणि त्या वर्षीची माहितीपुस्तिका ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून वाचा. मित्राने सांगितलं म्हणून धरून चालू नका.

माझा अभ्यास पूर्ण झालाय, सूत्रं पाठ आहेत. तरी पेपर पूर्ण होत नाही. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

एका मुलीचा सराव पेपर मी शेजारी बसून पाहिला होता. हुशार मुलगी, बोर्डाची तयारी अगदी चोख. पहिल्या भागात तिचे भौतिकचे शेवटचे १४ प्रश्न उघडलेच गेले नव्हते. नंतर आम्ही दोघांनी ते १४ प्रश्न शांतपणे सोडवले, तर त्यातले ९ तिला सरळ आले. म्हणजे ९ गुण तिला येत होते, ती तिथपर्यंत पोचली नव्हती, एवढंच. मग तिचा रफ कागद उघडला. प्रत्येक गणिताच्या डोक्यावर ‘दिलेले’, त्याखाली ‘शोधा’, त्याखाली ‘सूत्र’, मग एकेक पायरी, आणि शेवटी उत्तराभोवती चौकट. बोर्डात याच सवयीने तिला पैकीच्या पैकी मिळत होते. इथे तो कागद कोणी बघणार नव्हतं. घूर्णन गतीच्या एका प्रश्नावर तिने साडेचार मिनिटं घातली, आणि उत्तर बरोबर आलं! ती खूश होती. पण साडेचार मिनिटं म्हणजे ५४ सेकंदांचे ५ प्रश्न. एका गुणासाठी तिने पाच गुणांचा वेळ दिला होता.

म्हणून माझं ठाम मत असं: सीईटीत गुण वाढवायचे तर न येणाऱ्या प्रश्नांच्या मागे लागण्याआधी ‘बरोबर आले पण फार वेळ खाल्ला’ असे प्रश्न शोधा. गुणपत्रकात ते बरोबर म्हणून दिसतात, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. खरी गळती तिथेच असते.

आधी भौतिक सोडवू की रसायन?

आधी रसायन. पहिल्या भागात या दोन विषयांमध्ये मागेपुढे जाता येतं, त्याचा फायदा घ्या. रसायनातले बरेच प्रश्न एकतर आठवतात किंवा आठवत नाहीत. समन्वय संयुगांचं नाव, अमाइन्सची अभिक्रिया, गट १६ ते १८ मधला एखादा गुणधर्म, जैवरेणू, पॉलिमर, हरित रसायन: असा प्रश्न २० सेकंदांत होतो किंवा दोन मिनिटं बघत बसलं तरी होत नाही. सरासरी ४० सेकंद धरले तर ५० प्रश्नांना ३३-३४ मिनिटं लागतात. वाचलेला वेळ भौतिकला जातो.

म्हणजे रसायन ३५ मिनिटं, भौतिक ४५ मिनिटं, आणि हातात १०. ही १० मिनिटं खुणा करून ठेवलेल्या प्रश्नांसाठी. ज्यांचं भौतिक पक्कं आणि रसायन कच्चं, त्यांनी उलट करून बघावं. पण परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा नाही.

भौतिकचा गणिती प्रश्न ५४ सेकंदांत कसा होणार? सूत्रात आकडे घालायलाच मिनिट जातं.

आकडे घालू नका, हेच उत्तर आहे. पर्याय दिलेल्या परीक्षेतले बहुतेक प्रश्न गुणोत्तराने सुटतात.

उदाहरण घ्या. साध्या लंबकाची लांबी ४४ टक्क्यांनी वाढवली, तर आवर्तकाल किती टक्क्यांनी वाढेल? सूत्र पूर्ण लिहून दोन समीकरणं मांडून भागायची गरजच नाही. आवर्तकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. लांबी १.४४ पट झाली, वर्गमूळ १.२, म्हणजे वाढ २० टक्के. दहा सेकंद. यात एक सापळाही असतो. लहान बदलासाठी ‘अर्धे टक्के’ हा नियम अनेकांना पाठ असतो. त्याने उत्तर २२ येतं, आणि २२ पर्यायांत असतंच. ४४ टक्के हा लहान बदल नाही. नियम कुठे थांबतो हे माहीत असणं नियमाइतकंच महत्त्वाचं आहे.

रसायनातलंही एक बघा. पहिल्या कोटीची अभिक्रिया ६० मिनिटांत ७५ टक्के पूर्ण होते, ९३.७५ टक्के पूर्ण व्हायला किती वेळ लागेल? मुलं लगेच २.३०३ आणि लॉग घेऊन बसतात आणि दोन-अडीच मिनिटांनी वर बघतात. ७५ टक्के झाली म्हणजे पाव उरली, म्हणजे दोन अर्धायुकाल गेले. एक अर्धायुकाल ३० मिनिटांचा. ९३.७५ टक्के झाली म्हणजे ६.२५ टक्के उरली, म्हणजे सोळावा भाग, म्हणजे चार अर्धायुकाल. १२० मिनिटं. पेन उचलायचीही गरज नाही.

कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून आकडे गोल करायची सवय लावा, पण आधी पर्याय बघा. पर्याय एकमेकांपासून लांब असतील तर ८.३१४ गुणिले ३०० ला सरळ २५०० धरा. ‘पाय’चा वर्ग आणि गुरुत्व त्वरण एकाच सूत्रात समोरासमोर आले तर दोन्ही १० धरून उडवता येतात. पर्याय जवळजवळ असतील तरच नीट गुणाकार करा. २ आणि ३ ची वर्गमुळं, २ आणि ३ चे लॉग, १ ते ३० चे वर्ग, १२ पर्यंतचे घन हे जिभेवर हवेत. शाळकरी वाटतं खरं, पण एका पेपरात सहा-सात मिनिटं यानेच वाचताना मी पाहिली आहेत.

गणितात ९० मिनिटांत ५० प्रश्न होतच नाहीत. काय करू?

गणित म्हणजे २०० पैकी १०० गुण. अर्धा पेपर. तरी तयारीच्या वेळेत मुलं त्याला एक तृतीयांशच वेळ देतात, कारण विषय तीन आहेत! आधी हे बदला.

पेपर सोडवताना तो दोन फेऱ्यांत सोडवा. पहिली फेरी साधारण ५५ मिनिटांची. पहिल्या प्रश्नापासून पन्नासाव्यापर्यंत जायचं. वाचल्यावर १०-१५ सेकंदांत वाट दिसली तर सोडवायचा, नाही दिसली तर खूण करून पुढे. पन्नासावा प्रश्न डोळ्यांखालून गेलाच पाहिजे, कारण सोपे प्रश्न पुढे आहेत की मागे हे कोणाला माहीत नसतं. दुसरी फेरी साधारण २५ मिनिटांची, खुणा केलेल्यांपैकी ज्यांची वाट अर्धी दिसली होती त्यांच्यासाठी. उरलेल्या वेळात राहिलेल्यांना पर्याय भरणं.

पहिल्या फेरीत पटकन होणारे प्रकरण कोणते, ते तुमचं तुम्हाला ठाऊक हवं. सर्वसाधारणपणे गणिती तर्कशास्त्र, रेषीय नियोजन, अपस्करणाची मापं, द्विपद वितरण, संभाव्यता वितरण, आव्यूह (मॅट्रिक्स) यांत वाट ठरलेली असते. सदिश आणि रेषा-प्रतल यांत सूत्र पक्कं असेल तर वेळ लागत नाही. समाकलनात मात्र मन अडकतं, ‘होतंय, होतंय’ म्हणता म्हणता पाच मिनिटं जातात.

आणि पर्याय वापरा. अनिश्चित समाकलन सुचत नसेल तर पर्यायांचं विकलन करा. बहुतेक वेळा दुसऱ्याच पर्यायात उत्तर सापडतं. अवकल समीकरणाची उकल विचारली असेल तर पर्याय समीकरणात घालून बघा. व्यस्त आव्यूह विचारला असेल तर पूर्ण काढू नका: मूळ आव्यूहाची पहिली ओळ आणि पर्यायातला पहिला स्तंभ गुणा, १ यायला हवा. चारपैकी दोन पर्याय तिथेच गळतात. त्रिकोणमितीच्या राशीत कोनाला किंमत देऊन बघताना ० किंवा ४५ अंश घेऊ नका; ४५ ला साइन आणि कॉस सारखेच होतात आणि दोन-तीन पर्यायांची उत्तरं एकच येतात. ३० अंश घ्या.

निश्चित समाकलनात तर एक गोष्ट ओळखता आली तर प्रश्न जवळपास फुकट मिळतो. छेदात दोन पदं, त्यातलं एक अंशात, आणि मर्यादांची बेरीज वजा एक्स केलं की दोन्ही पदांची अदलाबदल होते, असं दिसलं की उत्तर मर्यादांच्या फरकाच्या निम्मं. ० ते पाय छेद २ असेल तर पाय छेद ४. पाय छेद ६ ते पाय छेद ३ असेल तर पाय छेद १२. हे का येतं ते एकदा स्वतः सिद्ध करून बघा, म्हणजे वेष बदलून आलं तरी ओळखता येईल.

अडकलेला प्रश्न नेमका कधी सोडायचा? मन ऐकत नाही.

मन ऐकत नाही, म्हणूनच नियम आधी ठरवायचा. पहिल्या भागात एका प्रश्नावर सव्वा मिनिट, गणितात अडीच मिनिटं. त्यानंतर हातातली ओळ अर्धी असली तरी पुढे जायचं. ‘इतका वेळ दिलाय तर आता पूर्णच करतो’ हा विचार आला की समजा, सोडायची वेळ टळून गेली आहे. गेलेला वेळ प्रश्न सुटल्याने परत येत नाही.

सोडताना रफ कागदावर प्रश्न क्रमांक आणि जिथवर आलात ती ओळ ठळक लिहून ठेवा. दुसऱ्या फेरीत परत पहिल्यापासून सुरू करावं लागलं नाही, तर सोडण्याची भीती आपोआप कमी होते. शिवाय परत आल्यावर चूक पटकन दिसते. हा अनुभव तुम्हालाही येईल.

उत्तर येत नसेल तर अंदाजे मारावं का?

हो. एकही प्रश्न रिकामा ठेवू नका. गुण कापले जात नाहीत, मग रिकाम्या जागेचा काहीच उपयोग नाही. चार पर्यायांत डोळे मिटून १० प्रश्न भरले तरी सरासरी अडीच बरोबर येण्याची शक्यता असते. गणितात ते ५ गुण झाले. एक पर्याय जरी खात्रीने खोडता आला तर शक्यता चारात एकवरून तीनात एकवर जाते. मिती तपासा, चिन्ह तपासा, टोकाची किंमत घालून बघा.

हे काम शेवटच्या मिनिटावर ठेवू नका. प्रत्येक भागात तीन मिनिटं उरली की सोडवणं थांबवून भरायला लागा.

जेईई मेनची तयारी केली आहे. सीईटीसाठी वेगळं काही लागतं का?

विषयाचं ज्ञान पुरतं, चाल वेगळी लागते. जेईई मेनमध्ये १८० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रत्येकी २ मिनिटं २४ सेकंद. सीईटीत तेवढ्याच वेळात १५० प्रश्न. तिथे चुकीला एक गुण जातो, म्हणून ‘खात्री नाही, सोडून दे’ ही सवय लागते. तीच सवय इथे नुकसान करते. आणखी एक म्हणजे सीईटीचा अभ्यासक्रम राज्य मंडळाचा आहे. पाठ्यपुस्तकातली विधानं, तक्ते, रसायनातल्या शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रिया यांवर सरळ प्रश्न येतात. जेईईवाली मुलं बालभारतीची पुस्तकं उघडतच नाहीत आणि सोप्यात सोपे रसायनाचे गुण तिथे जातात. निदान रसायनाची दोन्ही पुस्तकं एकदा ओळ न ओळ वाचा.

अकरावीचा अभ्यास किती करावा?

भार साधारण २० टक्के. म्हणजे प्रत्येक विषयात १० च्या आसपास प्रश्न, २०० पैकी ४० गुण. आणि अकरावीची सगळी प्रकरणं नसतात, निवडकच असतात; यादी अधिकृत अभ्यासक्रमात दिलेली असते, ती छापून भिंतीवर लावा. यादीत नसलेल्या प्रकरणावर आठवडा घालवलेली मुलं दर वर्षी भेटतात. वर्तुळ, सरळ रेषा, क्रमचय-संचय, मूलभूत सेंद्रिय रसायन ही प्रकरणं बारावीच्या प्रश्नांतही हाताशी लागतात, तिथून सुरुवात केलेली बरी.

सराव चाचण्या किती द्याव्यात? रोज एक पुरेल का?

रोज एक फार होते. एका ठिकाणी शेवटच्या महिन्यात मुलांकडून रोज पूर्ण पेपर सोडवून घेत होते. संध्याकाळी फलकावर गुण लागायचे, दुसऱ्या दिवशी पुढचा पेपर. महिन्याच्या शेवटी मुलं थकली होती आणि तीच चूक पंचविसाव्यांदा करत होती. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण मेहनतीत कुठे कमी नव्हती.

आठवड्याला दोन किंवा तीन पूर्ण पेपर द्या. पण तीन तासांच्या पेपरनंतर तेवढेच तीन तास तो तपासायला ठेवा. तपासताना प्रत्येक प्रश्नापुढे चारपैकी एक खूण करा: येत नव्हता, येत होता पण चुकला, येत होता पण पोचलो नाही, बरोबर आला पण वेळ गेला. पहिल्या खुणेवर उपाय अभ्यास. दुसऱ्यावर, चूक नेमकी कोणती ते शब्दांत लिहिणं. ‘सिली मिस्टेक’ असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. ‘वजा चिन्ह कंसात नेलं नाही’, ‘सेंटिमीटरचे मीटर केले नाहीत’, ‘चुकीचा पर्याय विचारला होता, बरोबर शोधला’ असं लिहा. तीन-चार पेपरांत दिसेल की तुमच्या चुका पाच-सहाच आहेत आणि त्याच फिरून येतात. तिसऱ्या आणि चौथ्या खुणेवर उपाय म्हणजे तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून पुन्हा, लहान वाटेने सोडवणं.

सराव पेपरात गुण एका जागी अडकलेत. तीन आठवडे झाले, हलत नाहीत.

वरच्या चार खुणा मोजा. तिसरी आणि चौथी मिळून जास्त असतील तर नवीन काही वाचू नका, वेळेवर काम करा: रोज २५ प्रश्नांचे छोटे संच, भौतिक-रसायनाला २० मिनिटं, गणिताला ४०. ५४ सेकंदांच्या हिशोबाने २५ प्रश्नांना साडेबावीस मिनिटं येतात आणि गणिताला ४५. मुद्दाम थोडं कमी द्यायचं. पहिली खूण जास्त असेल तर उलट करा: आठवडाभर पूर्ण पेपर बंद ठेवा आणि ज्या तीन प्रकरणांत सर्वाधिक जात आहेत तीच घ्या. दोन्ही एकदम सुधारायला गेलं की काहीच सुधारत नाही.

आमच्या सत्राचा पेपर अवघड आला तर आमचं नुकसान होईल का?

२०१९ पासून परीक्षा संगणकावर, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. तुमच्याच सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण किती जणांना आहेत, त्याची टक्केवारी. समजा सत्रात २०,००० मुलं होती आणि त्यांपैकी १९,४०० जणांना, तुम्हाला धरून, तुमच्याइतके किंवा कमी गुण आहेत, तर तुमचं पर्सेंटाइल ९७. प्रत्यक्षात ते दशांशानंतर सात स्थळांपर्यंत काढतात.

म्हणजे पेपर अवघड असला तर तो सगळ्यांनाच अवघड होता. त्या दिवशी ११० गुणांचं पर्सेंटाइल सोप्या सत्रातल्या १३० च्या बरोबरीचंही असू शकतं. म्हणून पेपर चालू असताना ‘माझे किती होतील’ हा हिशोब करू नका; आकड्याला त्या क्षणी अर्थच नसतो. अवघड पेपरात गोंधळून सोपे प्रश्न सोडून आलेली मुलं मागे पडतात. तिथे शांतपणे पन्नासाव्या प्रश्नापर्यंत जाणाऱ्याचा फायदा होतो.

पर्सेंटाइल म्हणजेच टक्के का?

नाही. ९५ पर्सेंटाइल म्हणजे २०० पैकी १९० गुण नव्हेत. गुण त्याहून बरेच कमी असतात.

पेपर मराठीतून देता येतो का?

भौतिक आणि रसायनाचा पेपर मराठीतही असतो, गणिताचा फक्त इंग्रजीत. निवडलेली भाषा अर्जात भरावी लागते. ज्या भाषेत दोन वर्षं संज्ञा वाचल्या, तीच निवडा. वर्गात इंग्रजीत शिकून परीक्षेला मराठी घेतलं की ‘जडत्व आघूर्ण’ वाचून मूळ शब्द आठवण्यातच वेळ जातो.

पीसीबी गटाला हे सगळं लागू आहे का?

पहिला भाग जसाच्या तसा. दुसऱ्या भागात जीवशास्त्राचे १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, ९० मिनिटं. तिथे वाचनाचा वेग महत्त्वाचा. ‘खालीलपैकी चुकीचे विधान’ आणि जोड्या लावा हे प्रकार घड्याळ लावून करा.

शॉर्टकट आणि ट्रिक्सचे व्हिडिओ बघावेत का?

तुम्ही ज्याची सिद्धता देऊ शकता तो शॉर्टकट तुमचा. बाकीचे परीक्षेत आठवतात तेव्हा अर्धेच आठवतात. शेवटच्या पंधरा दिवसांत तर नवीन एकही नको.

रफ कागद आणि संगणकाच्या पडद्यावर सराव कसा करावा?

पेपर छापून सोडवणं आणि पडद्यावर वाचून कागदावर लिहिणं यांत फरक आहे. मान वर-खाली होते, आकडा उतरवताना चुकतो. निम्मे सराव पेपर तरी संगणकावर द्या, फोनवर नाही. रफ कागदाला मधोमध घडी घालून दोन रकाने करा आणि प्रत्येक प्रश्नाचा क्रमांक लिहूनच सुरुवात करा. पर्याय निवडल्यावर तो जतन करून पुढे जायचं बटण दाबल्याशिवाय प्रश्न सोडू नका. ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ वापरतानाही आधी एक पर्याय निवडून ठेवा. बटणं नेमकी कशी चालतात ते सीईटी कक्षाच्या सराव चाचणीत हाताने करून बघा.

मी पालक आहे. परीक्षा आठवड्यावर आली आहे, मुलीशी काय बोलावं?

गुण विचारू नका. ‘आज किती आले?’ या प्रश्नाने तिला उद्याचा पेपर तपासण्यापेक्षा लपवावासा वाटतो. त्याऐवजी तिच्या सत्राच्या वेळेला घर शांत ठेवा. सकाळचं सत्र असेल तर शेवटचा आठवडा ती सकाळीच पेपर सोडवेल आणि रात्री वेळेवर झोपेल एवढं बघा. केंद्राचा रस्ता आदल्या दिवशी एकदा बघून या. प्रवेशपत्र, ओळखपत्र एका पाकिटात घालून दाराजवळ ठेवा. या कामांची जबाबदारी तुम्ही घेतली की तिच्या डोक्यावरचं ओझं खरंच उतरतं.

पहिला भाग वाईट गेला तर गणिताला मन कसं लावायचं?

पहिला भाग बंद झालेला असतो, त्यातलं काहीही बदलता येत नाही, आणि समोर अजून १०० गुण असतात. यासाठी एक गोष्ट सरावातच बसवून घ्या: गणित उघडलं की पहिला प्रश्न सोडवायचा नाही. पाच-सहा प्रश्न नुसते चाळायचे, त्यातला सगळ्यात सोपा आधी करायचा, मग दुसरा सोपा. दोन उत्तरं खात्रीची पडली की हात स्थिर होतो. मग पहिल्या प्रश्नावर या. यात फार तर एखादं मिनिट जातं आणि ते वसूल होतं.

परीक्षेनंतर उत्तरतालिका आली की काय करायचं?

लॉगिन करून तुमची नोंदलेली उत्तरं आणि अधिकृत उत्तरं शेजारी ठेवून बघा. एखादं अधिकृत उत्तर चुकीचं वाटलं तर आक्षेप नोंदवता येतो. त्याला मुदत असते आणि प्रत्येक आक्षेपाला शुल्क असतं. म्हणून आधी पाठ्यपुस्तकात पान शोधा, शिक्षकांना दाखवा, पुरावा हातात आला तरच भरा. पेपर पुन्हा देणार असाल तर हीच यादी घेऊन बसा आणि वरच्या चार खुणा त्यावर करा. खऱ्या परीक्षेतल्या १५० प्रश्नांचं असं विश्लेषण एकदाच मिळतं.